लेकीच्या छातीत यंत्र बसवावे का?

«माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या रक्तातली साखर फार खाली गेली आणि तिला झटके आले. आठव्या महिन्यात दचकल्यासारखे झटके सुरू झाले, ते आजतागायत थांबलेले नाहीत. आता दिवसातून पंधरा-वीस वेळा मान पडते आणि आठवड्यातून चार-पाच वेळा उभ्या जागी काठीसारखी कोसळते. गेल्या महिन्यात तुळशीकट्ट्यावर पडून हनुवटीला पाच टाके पडले. चार औषधे चालू आहेत. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितले की आता आणखी औषध वाढवून फारसा उपयोग नाही, छातीत यंत्र बसवून गळ्यातल्या नसेला करंट देता येतो. सासूबाई म्हणतात, पोरीला विजेचे झटके द्यायचे नाहीत. यांचे म्हणणे, दीड एकर विकून टाकू, पण मुलगी बरी होऊ दे. तिला आरत्या म्हणायला फार आवडते, तिचा आवाज जाईल का याची मला भीती वाटते. आम्ही काय करावे?»
— एक आई, खानापूर तालुका

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबत जोडलेली एमआरआयच्या अहवालाची झेरॉक्सही पाहिली. पत्रावरून कुणाचा उपचार ठरवता येत नाही, तो मुलीला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. तरी माझे मत आधीच सांगून टाकते. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला उपाय खरा आहे, जगभरात मान्य झालेला आहे आणि तुमच्या लेकीसारख्या मुलांमध्ये तो वापरला जातो. मात्र तो फिट कमी करणारा उपाय आहे, आजार मुळापासून काढणारा नाही. आणि तो करण्याआधी दोन गोष्टी पडताळून पाहायच्या राहिल्या आहेत, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यामुळे यंत्राला नकार देऊ नका, पण जमिनीचा व्यवहारही आज करू नका.

सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण घरात ज्यांच्या मांडीवर मूल वाढते त्यांना पटल्याशिवाय असा उपचार तडीस जात नाही. «विजेचे झटके» म्हटले की डोळ्यांसमोर येते ते चित्र वेगळे आहे आणि हा उपचार वेगळा आहे. आपल्या मानेच्या दोन्ही बाजूंनी व्हेगस नावाची एक लांब नस खाली उतरते आणि घसा, हृदय, फुप्फुसे, पोट यांच्याशी मेंदूचा संबंध जोडते. तिच्यातले बहुतेक धागे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे असतात. या नसेला ठरावीक अंतराने अगदी सौम्य चेतना दिली, तर ती मेंदूच्या बुंध्यातून वर पोचते आणि फिटचे वादळ उसळण्याची मेंदूची प्रवृत्ती हळूहळू कमी होते. यासाठी डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत, घड्याळाच्या डबीएवढे यंत्र ठेवतात आणि त्याची बारीक तार कातडीखालूनच मानेतल्या डाव्या नसेपर्यंत नेऊन तिथे गुंडाळतात. डावीच बाजू निवडतात, कारण उजव्या नसेचा हृदयाच्या ठोक्यांशी संबंध अधिक असतो. मेंदूला हात लावला जात नाही, कवटी उघडली जात नाही. पूर्ण भूल देऊन साधारण दीड-दोन तासांत, दोन लहान छेदांतून हे काम होते.

करंट म्हणाल तर तो मिलिअँपिअरमध्ये मोजतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी, जखम भरली की, पाव मिलिअँपिअरपासून सुरुवात करतात आणि मुलाला सोसेल तसा पायरीपायरीने वाढवत नेतात. नेहमीच्या मांडणीत यंत्र तीस सेकंद चालते, पाच मिनिटे थांबते, पुन्हा तीस सेकंद चालते. रात्रंदिवस, मूल झोपलेले असो वा शाळेत. त्याने अंग उडत नाही, शुद्ध हरपत नाही. माणसामध्ये हे यंत्र पहिल्यांदा १९८८ मध्ये बसवले गेले. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा वयाची अट बारा वर्षांची होती, ती २०१७ मध्ये चार वर्षांपर्यंत खाली आणली गेली. म्हणजे हा तुमच्या मुलीवर करून पाहायचा नवा प्रयोग नव्हे, एवढे सासूबाईंना निःशंकपणे सांगा.

आता आवाजाबद्दल. माझ्याकडे तपासणीला येणारा एक मुलगा आहे. त्याला यंत्र बसवून काही महिने झाले होते आणि शाळेत पाठ केलेला सातचा पाढा तो मला म्हणून दाखवत होता. सात चोक अठ्ठावीसपर्यंत आवाज खणखणीत होता, सात पंचे पस्तीसला तो अचानक घोगरा झाला, सर्दी झाल्यासारखा, आणि त्याच घोगऱ्या आवाजात त्याने पाढा संपवला. त्याची आई त्याच्या पाठीवर हात ठेवून शांत बसली होती. थोड्याच वेळात त्याने आठचा पाढा सुरू केला तेव्हा आवाज पुन्हा स्वच्छ झाला होता. असेच होते, ताई. स्वरयंत्राकडे जाणारी नस व्हेगसचीच फांदी असल्यामुळे यंत्र चालू असतानाच्या अर्ध्या मिनिटात आवाज बदलतो, घशात गुदगुल्या होतात, कधी खोकला येतो. यंत्र थांबले की हे थांबते. बहुतेक मुलांमध्ये काही महिन्यांत हा त्रास कमी होतो, आणि फारच जाणवला तर करंट थोडा खाली आणता येतो. स्वरतंतूंना इजा होऊन आवाज कायमचा बसण्याची शक्यता थोडी असते, पण असते; म्हणून शस्त्रक्रियेआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. मुलगी झोपेत घोरत असेल, श्वास अडकल्यासारखे करत असेल किंवा जेवताना तिला वारंवार ठसका लागत असेल, तर तेही आधी सांगा, कारण झोपेतला श्वासाचा त्रास आणि गिळण्याचा त्रास या यंत्राने वाढू शकतो. जखमेत जंतुसंसर्ग हा आणखी एक धोका. तो थोड्याच रुग्णांमध्ये होतो, पण झाला तर कधीकधी यंत्र काढावे लागते.

फायदा किती, हे तुमच्या यजमानांना समोर बसवून वाचून दाखवा. हे यंत्र बसवलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण पन्नासांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. फिट पूर्ण थांबणारे शंभरात दहासुद्धा नसतात. काहींना काहीच फरक पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे धीर धरावा लागतो. औषधे चालूच राहतात, फार तर पुढे एखादे कमी करता येते. मात्र फिटची संख्या तेवढीच राहूनही ती छोटी होणे, नंतरची गुंगी लवकर उतरणे, मूल दिवसभर अधिक जागे आणि आनंदी राहणे, हे फरक आयांना जाणवतात आणि त्यांचे मोल मी कमी मानत नाही. दिवसाला वीस वेळा मान पडणाऱ्या मुलीची आठ वेळा पडू लागली, तर तेवढे बारा घास तिच्या तोंडात नीट जातील. पण «मुलगी बरी होऊ दे» म्हणून जमीन विकणाऱ्या बापाला दोन वर्षांनी फसवणूक झाल्यासारखे वाटू नये, म्हणून हे आकडे आजच स्पष्ट सांगते.

राहिलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली म्हणजे अपस्माराची पूर्ण फेरतपासणी. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत आणि नेमाने घेतलेली दोन औषधे देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये केली. तुमची मुलगी त्यात बसते असे दिसते, पण व्याख्येतले «योग्य मात्रेत आणि नेमाने» हे शब्द सोडून देण्यासारखे नाहीत. गेल्या वर्षभरात तिचे वजन वाढले तेव्हा मात्रा वाढवली होती का? दुकानदाराने दर वेळी वेगळ्या कंपनीची गोळी दिली का? पावसाळ्यात तुमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात ओढ्याला पाणी चढून रस्ता बंद झाला की औषधाचा खंड पडतो, हे मला अनेक घरांतून माहीत आहे. मे महिन्याच्या शेवटीच दोन महिन्यांची औषधे आणून ठेवावीत, असे मी प्रत्येकाला सांगते. या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला दोष देण्यासाठी नकोत, डॉक्टरांना खरे चित्र दिसावे म्हणून हवी आहेत.

याच फेरतपासणीत व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रणासोबत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, येतो. त्यात मूल दोन-तीन दिवस कॅमेऱ्यासमोर ठेवून फिट नेमकी मेंदूच्या कोणत्या भागातून उठते हे पाहतात. ती एकाच जागेतून उठत असेल तर तो भाग शस्त्रक्रियेने काढणे हा यंत्राहून कितीतरी सरस उपाय ठरतो. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठरा वर्षांपर्यंतची ११६ मुले होती. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले फिटपासून मुक्त होती, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. तुमच्या लेकीच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना जुने व्रण दिसतात. जन्मानंतर साखर फार खाली गेलेल्या बाळांमध्ये असे व्रण राहतात, आपल्याकडे ते दुर्दैवाने पुष्कळ दिसतात, आणि दोन्ही बाजू गुंतल्या असल्याने एखादा भाग काढण्याची शस्त्रक्रिया तिला लागू पडण्याची शक्यता कमी आहे. तरीही शक्यता कमी आहे हे मोठ्या केंद्राने सांगणे आणि कुणी न विचारणे यात फरक आहे. काठीसारखे कोसळणे हाच सर्वांत मोठा धोका असेल, तर मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा विलग करण्याची एक शस्त्रक्रियाही असते. कोसळण्यावर ती यंत्रापेक्षा बहुधा जास्त परिणाम करते, पण ती मेंदूची मोठी शस्त्रक्रिया आहे. दोन्हींची तुलना करून सांगा, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मेंदूच्या आजारांसाठीचे बंगळूरचे मोठे सरकारी रुग्णालय निम्हान्स तुम्हाला जवळचे, बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होत आहेत. जाताना मोबाइलवर काढलेले तीन-चार फिटचे व्हिडिओ जरूर न्या. मान पडण्याचा एक व्हिडिओ अर्ध्या तासाच्या वर्णनाहून डॉक्टरांना अधिक सांगून जातो.

दुसरी राहिलेली गोष्ट म्हणजे आहार. तुमच्या पत्रात कीटोजेनिक आहाराचा उल्लेखच नाही, त्याअर्थी तो झालेला नसावा. यात पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून तूप, तेल, खोबरे, लोणी, अंडी, पनीर यांवर मुलाला ठेवतात. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते आणि त्या अवस्थेत पुष्कळ मुलांच्या फिट कमी होतात. लंडनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहारावर ठेवलेल्या मुलांपैकी ३८ टक्क्यांच्या फिट तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त कमी झाल्या, इतर मुलांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होते. याचा थोडा सैल प्रकारही आहे, त्यात दिवसाला दहा ते वीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ चालतात. पण ताई, भाताच्या मुलखात हे किती अवघड आहे ते मी जाणते. एका मध्यम भाकरीतच वीस ग्रॅमहून जास्त पिष्ट असते. भात नाही, गूळ नाही, पाहुण्यांनी आणलेला कुंदा नाही, आजीने पदराआडून दिलेले बिस्किटही नाही. औषधाच्या गोड सिरपमधली साखरसुद्धा मोजावी लागते. म्हणून हा आहार आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्त-लघवीच्या तपासण्या करून आणि घरातल्या सगळ्यांचा होकार घेऊनच सुरू करायचा. काही मोजक्या चयापचयाच्या आजारांत तो धोक्याचा ठरतो, त्यामुळे कुणाचे पाहून घरच्या घरी सुरू करू नका. तीन महिने नेटाने करून उपयोग झाला नाही तर सोडून देता येतो, आणि यंत्र तेव्हाही बसवता येतेच. उलट क्रमाने गेलात तर शस्त्रक्रिया आणि खर्च मात्र परत घेता येत नाही.

या दोन्हींतून गेल्यावर यंत्राचा सल्ला कायम राहिला, तर माझ्या मते होकार द्यावा, आणि त्या वेळी बंगळूरच्या डॉक्टरांना हा प्रश्न अगदी पहिला विचारावा: करंट वाढवायला आम्ही कुठे यायचे? यंत्र बसवणे हे एका दिवसाचे काम आहे, पण त्याची मात्रा बसवायला पहिले काही महिने दर दोन-चार आठवड्यांनी जावे लागते. पाचशे किलोमीटरवरून कोसळणाऱ्या मुलीला घेऊन, दर वेळी दोन दिवसांची मजुरी बुडवून, हे किती वेळा जमेल? नेमके इथेच सीमाभागातल्या कुटुंबांचे उपचार अर्ध्यावर सुटतात आणि यंत्र कमी मात्रेवर नुसते पडून राहते. मात्रा बदलण्याचे उपकरण आणि ते हाताळणारा प्रशिक्षित डॉक्टर बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरला मिळतो का, याची माहिती आधी काढा. नवीन यंत्रांपैकी काहींमध्ये पुढच्या तारखांना आपोआप मात्रा वाढेल अशी सोय असते, तीही विचारा.

पैशांचे सांगायचे तर यंत्राचीच किंमत काही लाख रुपये असते, आणि मात्रेनुसार काही वर्षांनी बॅटरी संपली की छातीतला डबा बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च येतो. हा दुसरा खर्च बहुतेक घरांना पहिल्या वेळी कुणी सांगत नाही. दीड एकर एकदाच विकता येते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या शिधापत्रिकेवर ही शस्त्रक्रिया आणि यंत्राची किंमत दोन्ही धरली जातात का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या, आणि सरकारी रुग्णालयाच्या रेफरलची चिठ्ठी लागत असल्यास ती बेळगावच्या सिव्हिलमधून आधीच काढून ठेवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमचे गाव त्या यादीत असेल तर कोल्हापूरच्या बाजूनेही चौकशी करा. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल. तुम्हाला कन्नड बोलता येत असले, तरी असा निर्णय माणसाने आपल्या भाषेत ऐकावा लागतो. मराठी जाणणारी परिचारिका किंवा डॉक्टर मिळेपर्यंत सही करू नका. तेवढा वेळ मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

यंत्रासोबत एक चुंबक मिळते. फिट सुरू होताना ते छातीवरच्या यंत्रावरून एक-दोन सेकंद फिरवले की जादा चेतना मिळते आणि काही मुलांची फिट तिथेच आवरते. हेच चुंबक यंत्रावर धरून ठेवले तर ते तेवढा वेळ थांबते; शाळेत किंवा देवळात आरती म्हणताना आवाज स्वच्छ हवा असेल, तर डॉक्टरांना विचारून ही सोय वापरता येते. फिट आली की हातात किल्ली किंवा लोखंड देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि सासूबाईंना चुंबक पाहून तीच आठवेल. त्यांना समजावून सांगा की किल्लीने फिट थांबत नाही, हे चुंबक मात्र आतल्या यंत्राला हुकूम देते. ते कसे फिरवायचे हे त्यांनाच सर्वांत आधी शिकवा, कारण तुम्ही शेतावर असताना मुलीजवळ त्याच असणार. एक चुंबक वर्गशिक्षिकेकडे द्या. गणपतीत डॉल्बीच्या मोठ्या स्पीकरला मुलीला चिकटून उभे राहू देऊ नका, त्यात जबर चुंबक असते. एमआरआयच्या आधी आणि फिजिओथेरपीत शेक देण्याच्या यंत्राजवळ नेण्याआधी यंत्र असल्याचे सांगितलेच पाहिजे. काही प्रकारचे शेक तर पूर्णपणे वर्ज्य आहेत. टीव्ही, मिक्सर यांची भीती बाळगायचे कारण नाही.

यातले काहीही ठरेपर्यंत दोन-चार महिने जातील, आणि तोवर मुलगी पडतच राहणार. म्हणून एक साधी वही घाला: तारीख, मान किती वेळा पडली, किती वेळा कोसळली, कोणते औषध चुकले. पुढे कोणताही उपाय केला, तरी तो लागू पडला की नाही हे ही वहीच सांगेल. पाच मिनिटांहून लांबलेल्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, वजनाप्रमाणे किती दाबायचा हे लिहून घेऊन, घरात आणि दप्तरात ठेवा. फवारा मारूनही फिट थांबली नाही तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. फिट आली की तिला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आणि तिच्यासाठी हनुवटीला आधार असलेले मऊ हेल्मेट याच आठवड्यात आणा. ते मिळेपर्यंत तुळशीकट्ट्याच्या चारही कडांना जुनी गोधडी बांधून ठेवा.